टेप बॅकअप ड्राइव्ह घ्यायचाय? दुकानात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत मारुती रोडच्या एका बोळात माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, शिवाय वीसेक ऑफिसं, स्टुडिओ आणि दवाखान्यांच्या एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीची कामं, आहेत. २०१९ च्या पुरानंतर टेप बॅकअपचं, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या डेटाची जादा कॉपी टेपवर ठेवायचं, विचारणारे वाढले आणि २०२१ नंतर तर लईच वाढले. फोनवर तेच तेच सांगून घसा बसतोय म्हणून एकदाच इथं लिहून ठेवतो, इथनं पुढं कुणी विचारलं की हेच पाठवणार. मी काय टेपचा इंजिनिअर नाही, वापरून वापरून आणि दोनदा पैसे घालवून जेवढं शिकलो तेवढं आहे.

टेप म्हणजे कॅसेटवाली टेप? ती बंद होऊन वीस वर्षं झाली ना?

गाण्याची बंद झाली, डेटाची नाही झाली. आता जी चालतीय तिला एलटीओ म्हणतात. तळहाताएवढा चौकोनी डबा, आत एकच चाक आणि त्याच्यावर अर्धा इंच रुंदीची टेप. एलटीओ-५ च्या डब्यात ही टेप ८४६ मीटर असते, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर रिबीन त्या डब्यात गुंडाळलेली. दुसरं चाक ड्राइव्हच्या आत असतंय, टेप आत सारली की ड्राइव्ह तिचं टोक एका छोट्या पिनला धरून ओढून घेतो. एचपी, आयबीएम आणि सीगेट या तिघांनी मिळून हे काढलं आणि २००० साली पहिली पिढी आली.

आणि बंद कुठली, २०११ च्या फेब्रुवारीत सॉफ्टवेअरच्या एका बगमुळं काही लोकांचे जीमेलचे इनबॉक्स रिकामे झाले होते, ते गुगलनं शेवटी टेपवरनंच परत आणले. गुगल ठेवतंय तर आपल्याला लाज कसली.

मला खरंच टेप लागतीय का?

दहातल्या सात जणांना मी नाही म्हणून परत पाठवतो, उगं कार्ड-ड्राइव्ह गळ्यात मारत नाही. सीए ऑफिस असेल, टॅलीचा डेटा सगळा मिळून वीस-तीस जीबी, त्याला टेप म्हणजे मुंगीसाठी ट्रॅक्टर. दोन हार्ड डिस्क घ्या, एक घरी एक ऑफिसात, आठवड्याला अदलाबदल करा, झालं. अडत दुकानाचं पण तसंच.

टेप कुणाला लागती तर ज्याचा डेटा पाच-सहा टीबीच्या वर गेलाय, दरवर्षी वाढतोय, आणि जुनं फार उघडावं लागत नाही पण फेकताही येत नाही अशा माणसाला. लग्नाची शूटिंग करणारे स्टुडिओ एक नंबर. आता एका लग्नाला तीन कॅमेरे, वर ड्रोन, सगळं फोर-के, आमच्या एका गिऱ्हाइकाचं हळद ते वरात धरून एक लग्न साडेसहाशे जीबी भरलं होतं. मिरजेतल्या दवाखान्यांचे स्कॅन, प्रिंटिंग प्रेसच्या डिझाइन फाइली, ड्रोननं सर्व्हे करणारी पोरं, हे सगळे त्यातच.

हार्ड डिस्क स्वस्त पडती की, मग टेप कशाला?

सुरुवातीला हार्ड डिस्कच स्वस्त पडती, ह्यात वादच नाही. टेपमध्ये ड्राइव्ह महाग आणि टेप स्वस्त, हार्ड डिस्कमध्ये दरवेळी ड्राइव्हच विकत घ्यायचा. म्हणून डेटा जितका जास्त तितकं टेपचं गणित जमतंय.

पण पैसा सोडा. हार्ड डिस्कमध्ये मोटर, हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग), सर्किट आणि डेटा सगळं एकाच डब्यात. कपाटात चार वर्षं पडलेली डिस्क काढली आणि फिरलीच नाही, किंवा टेबलावरनं एकदा पडली, की आतला डेटा पण गेला. टेपच्या डब्यात यंत्रच नाही. ड्राइव्ह जळला तर दुसरा ड्राइव्ह आणायचा, टेप तीच. दुसरं म्हणजे कागदावरचा हिशोब. बऱ्याच घरगुती हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात साधारण साडेबारा टीबी वाचल्यावर एखादा बिट न वाचता येण्याची शक्यता धरलेली असती, एलटीओ-६ ला तीच शक्यता हजारपटीनं कमी धरलीय. तिसरं, रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस. नेटवर्कला जोडलेलं एनएएस (सगळ्या मशीननी मिळून वापरायचा डिस्कचा डबा) व्हायरस लॉक करतंय, पण कपाटातली टेप कोण लॉक करणार? तिला बाजूला एक सरकती पट्टी पण असती, ती लॉककडं सरकवली की ड्राइव्ह त्या टेपवर लिहीतच नाही.

आणि माझं स्वतःचं कारण वेगळंच आहे. २००५ ला दुकानात जिथवर पाणी आलं होतं तिथं भिंतीवर वडिलांनी खिळ्यानं रेघ मारून ठेवलीय. त्या रेघेच्या वर दोन फूट मी फळी ठोकली होती, त्यावर माझ्या आणि एका स्टुडिओवाल्याच्या मिळून अकरा हार्ड डिस्का. दोन फूट वर म्हणजे झालं, अजून किती येणार! २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५, आणि २००५ पेक्षा तीन फुटांहून जास्त. आठ-नऊ दिवसांनी शटर उघडलं तर फळी जागेवर आणि फळीवर चिखल. अकरापैकी चारचा डेटा पुण्यात पाठवून निघाला, त्याला जे बिल आलं त्यात एक बरा टेप ड्राइव्ह आला असता. त्याच डिसेंबरात मी पहिला घेतला.

मग कुठली जनरेशन घ्यायची?

हाच खरा प्रश्न, इथं चुकलं की सगळं चुकतंय, म्हणून जरा सावकाश सांगतो.

एलटीओच्या नंबरावर सगळं ठरतंय. एलटीओ-४ (२००७) ला एका टेपमध्ये ८०० जीबी, एलटीओ-५ (२०१०) ला दीड टीबी, एलटीओ-६ (२०१२) ला अडीच, एलटीओ-७ (२०१५) ला सहा, एलटीओ-८ (२०१७) ला बारा, एलटीओ-९ (२०२१) ला अठरा. २०२५ ला एलटीओ-१० पण आली, तीस टीबीची.

नवीन ८ किंवा ९ चा ड्राइव्ह लाखांत जातोय, तो बँकेला आणि मोठ्या हॉस्पिटलला, तुमच्या-माझ्यासाठी नव्हं. एलटीओ-४ आणि त्याच्या खालचं फुकट मिळालं तरी घेऊ नका. स्पीड आणि जागा कमी हे एक, पण मुख्य म्हणजे एलटीओ-५ पासनं टेपचे दोन भाग करता येतात आणि त्यामुळं एलटीएफएस नावाची सोय चालती, म्हणजे टेप कॉम्प्युटरमध्ये पेन ड्राइव्हसारखी दिसती, फाइल ओढून टाकायची. ४ ला हे होत नाही.

राहिले ५, ६ आणि ७. माझं मत विचाराल तर वापरलेला एलटीओ-६, बजेट फारच ताणलं असेल तर ५. सात चांगलाच आहे, सहा टीबी म्हणजे चेष्टा नाही, पण वापरलेला सुद्धा अजून महाग आहे आणि त्याच्या टेपा पण. आता वाचायचं-लिहायचं गणित बघा: सातपर्यंतचा ड्राइव्ह आपल्या मागच्या दोन पिढ्या वाचतो आणि मागच्या एका पिढीवर लिहितो. म्हणजे ६ चा ड्राइव्ह ४, ५, ६ वाचणार आणि ५, ६ वर लिहिणार. उद्या तुम्ही ७ घेतला तर ५ आणि ६ च्या टेपा त्यात वाचता येणार. पण एलटीओ-८ पासनं हा नियम मोडला, ८ चा ड्राइव्ह फक्त ७ आणि ८ ओळखतो, ९ चा फक्त ८ आणि ९, आणि १० चा तर फक्त १०. कुणीतरी सांगितलं म्हणून घरात एलटीओ-६ च्या चाळीस टेपा असताना ८ चा ड्राइव्ह घेऊन बसू नका, आमच्याकडं एक जण बसलाय.

टेपच्या डब्यावर ६.२५ टीबी लिहिलंय, तुम्ही अडीच म्हणताय?

ते कॉम्प्रेशन धरून लिहितात. ५ पर्यंत दुप्पट धरायचे, ६ पासनं अडीचपट धरायला लागले. वर्डच्या फाइली आणि डेटाबेस दाबला जातो, पण तुमचे फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, त्यांना अजून काय दाबणार. मोठा आकडा विसरा, छोटाच खरा.

काकांच्या ऑफिसात जुना डॅट ड्राइव्ह पडलाय, तो चालंल का?

म्युझियमला चालंल. डॅट, डीडीएस, ट्रॅव्हान ही जुन्या छोट्या डेटा टेपांची नावं. डीडीएस-४ च्या टेपेत २० जीबी बसायचं, डॅट-७२ मध्ये ३६. ट्रॅव्हान तर त्याहून गरीब. आता पेन ड्राइव्हमध्ये ह्याच्यापेक्षा जास्त बसतंय. एकच सांगतो, त्यात जुन्या टेपा पडल्या असतील आणि त्यातला डेटा लागणार असेल तर ड्राइव्ह भंगारात घालायच्या आधी टेपा वाचून घ्या, नंतर तसला ड्राइव्ह शोधत फिरायची पाळी येती.

वापरलेला ड्राइव्ह घेताना काय बघायचं? फसवतात का?

फसवतात असं नाही म्हणणार, पण विकणाऱ्याला पण बऱ्याचदा माहीत नसतंय. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर निघतात, भंगारवाला लॉटमध्ये उचलतो, लाइट लागली की ‘टेस्टेड ओके’ लिहून टाकतो. माझा पहिला ड्राइव्ह असाच होता, बाहेरच्या एका डीलरकडनं मागवला, लाइट लागायची, टेप आत घ्यायचा, बाहेर द्यायचा, सगळं झकास. लिहायला लावलं की चाळीस जीबीनंतर एरर. हेड घासलेलं. डीलर म्हणाला आमच्याकडं तर चालत होता. चालतच होता की, टेप आत-बाहेर करायला.

म्हणून पैसे द्यायच्या आधी लाइट नाही, रिपोर्ट मागायचा. एचपीचा ड्राइव्ह असेल तर एचपीचं लायब्ररी अँड टेप टूल्स म्हणून फुकट सॉफ्टवेअर मिळतंय, आयबीएमचा असेल तर त्यांचं आयटीडीटी. त्यात ड्राइव्ह किती तास चालला, किती टेपा घातल्या, मागच्या एरर काय, सगळं दिसतंय, आणि पूर्ण टेस्ट पण करता येती. विकणाऱ्याला म्हणायचं हा रिपोर्ट आणि टेस्टचा स्क्रीनशॉट पाठव. नाही म्हणाला तर आपणपण नाही. आणि आल्या आल्या एक टेप पूर्ण भरून, पूर्ण वाचून बघायची, वॉरंटीचे सात दिवस काय शोकेसमध्ये ठेवायला नसतात.

अजून एक खोड. काही ड्राइव्ह मोठ्या टेप लायब्ररीतनं (खूप टेपा आपोआप बदलणाऱ्या मशीनमधनं) काढलेले असतात, त्यांना पुढं टेप काढायचं बटण नसतंय, फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) पण वेगळं असू शकतंय, एकटा लावला तर रुसून बसतो. स्वस्त दिसतोय म्हणून भुलू नका. बाहेरच्या डब्यात बसवलेला, स्वतःचा पॉवर सप्लाय आणि पंखा असलेला एक्स्टर्नल ड्राइव्ह बघा. उचलून दुसऱ्या मशीनला लावता येतो, आणि पूर आला की काखेत मारून माडीवर नेता येतो, जो मी नेलाय.

आणि टेपा? त्या पण वापरलेल्या घेऊ का?

नको. ड्राइव्ह जुना चालतो, टेप नवी. पैसे वाचवायची जागा ती नव्हं. एक नवी टेप पूर्ण भरणं साधारण दोनशे वेळा झेपती, वापरलेलीचं किती झालं कुणास ठाऊक. तसं डब्यात एक चिप असती, ड्राइव्ह लांबनंच वाचतो, ती किती वेळा आत गेली आणि किती लिहिलं ते सांगती, पण ते विकत घेतल्यावर कळून उपयोग काय. आणि वापरलेल्या टेपा बऱ्याचदा कंपनीनं चुंबकानं साफ करून टाकलेल्या असतात. एलटीओच्या टेपेवर हेडला रस्ता दाखवणाऱ्या बारीक खुणा फॅक्टरीत मारलेल्या असतात, चुंबकानं त्या पण पुसल्या जातात आणि परत मारता येत नाहीत. मग ती टेप गवारीच्या शेंगा बांधायला घ्यायची. एलटीओच्या टेपा आता बनवतात दोघंच, फुजीफिल्म आणि सोनी, वरचं लेबल कुणाचं का असेना. सोबत एक क्लिनिंग टेप घ्यायला विसरू नका.

यूएसबीला लागतो का? माझ्याकडं लॅपटॉपच आहे.

नाही लागत. म्हणजे यूएसबीचे काही निघालेत पण ते आपल्या बजेटचे नव्हेत. आपल्याला मिळणाऱ्या ड्राइव्हला एसएएस नावाची केबल लागती, आणि त्यासाठी डेस्कटॉपमध्ये एक कार्ड. इथं दुसरे पैसे मी घालवले: घरात पडलेलं सर्व्हरचं रेड कार्ड (बऱ्याच डिस्क एकत्र बांधणारं) लावलं, म्हटलं एसएएस ते एसएएस, आणि दोन रात्री ड्राइव्ह दिसतोय का बघत बसलो. बरीच रेड कार्डं टेप ड्राइव्ह ओळखतच नाहीत. साधं एचबीए, म्हणजे ड्राइव्ह नुसता जोडून देणारं कार्ड, घ्यायचं, एलएसआयचं ९२००-८ई किंवा ९२०७-८ई, वापरलेलं सहज मिळतंय. केबल घेताना दोन्ही टोकं बघा, ५ आणि ६ च्या एक्स्टर्नल ड्राइव्हला शक्यतो एसएफएफ-८०८८ टोक असतंय, नव्या कार्डांना ८६४४, दिसायला भाऊ-भाऊ पण एकमेकांत बसत नाहीत.

लॅपटॉपवाल्यांनी एक जुना डेस्कटॉप घ्यावा, टेपसाठी तेवढाच ठेवावा. आय-फाइव्हची जुनी मशीन खूप झाली.

सॉफ्टवेअर कुठलं? विंडोजमध्ये असतंय ना?

एक्सपीत होतं, आता विंडोजच्या घरच्या बॅकअपमध्ये टेप नाही. एलटीएफएसचा ड्रायव्हर ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीचा फुकट मिळतो, तो टाका, टेप फॉरमॅट करा, ड्राइव्ह लेटर येतंय, ओढून टाका. फक्त त्याला हार्ड डिस्क समजू नका. मधली फाइल डिलीट केली तर जागा मोकळी होत नाही, टेप पुन्हा फॉरमॅट केली तरच होती. आणि टेपवरनंच व्हिडिओ प्ले करून बघायला गेलात, तर टेप अर्धा किलोमीटर पुढं, अर्धा मागं पळती आणि तुम्ही स्क्रीनकडं बघत बसता.

लिनक्स येत असेल तर सोन्याहून पिवळं, टार (फाइलींचा गठ्ठा करणारी) आणि एमटी (टेप पुढं-मागं करणारी) ह्या दोन कमांडींत सगळं काम होतंय. मी तेच वापरतो. पण गिऱ्हाइकाला एलटीएफएसच लावून देतो, कारण उद्या मी नसलो तर त्याच्या पोराला टेप उघडता आली पाहिजे.

ड्राइव्ह मधेच थांबतोय, मागं जातोय, परत पुढं, घर्रर्र आवाज येतोय. खराब झाला का?

नाही, उपाशी आहे. हे नीट समजून घ्या, निम्मे ड्राइव्ह आणि टेपा ह्याच्यानंच मरतात.

टेप पळत असताना लिहिली जाती. एलटीओ-५ ला सेकंदाला १४० एमबी लागतात, ६ ला १६०. तुमचा कॉम्प्युटर तेवढा डेटा देत नसेल तर ड्राइव्ह स्वतःचा वेग कमी करून बघतो, पण त्याला पण खालची मर्यादा आहे, साधारण चाळीस-पन्नास एमबीच्या खाली आलं की त्याला जमत नाही. मग तो थांबतो. थांबायला पण अंतर लागतंय, तोवर टेप पुढं गेलेली असती, म्हणून मागं येतो, डेटाची वाट बघतो, परत धावत येऊन लिहितो. ऊसवाल्या ट्रॉलीचं इंजिन चढावर परत परत बंद पडावं तसं. टेप एकाच जागी हेडवर मागं-पुढं घासत राहती, बूट पॉलिश केल्यासारखी, आणि इंग्रजीत त्याला नावच शू-शायनिंग आहे. वेळ तिप्पट, आणि हेड-टेप दोन्ही झिजतात.

कारण बहुतेक वेळा एकच असतंय. एका स्टुडिओत ड्राइव्ह लावून दिला, तिसऱ्या दिवशी फोन, दीड टीबीला चौदा तास लागले. जाऊन बघतो तर पठ्ठ्या यूएसबी-२ च्या जुन्या डिस्कवरनं थेट टेपवर टाकत होता, त्यात एका फोल्डरमध्ये अकरा हजार छोटे फोटो. खरं तर एलटीओ-५ ची पूर्ण टेप तीन तासांत भरायला पाहिजे, ६ ची साडेचारच्या आत. आधी सगळं एका एसएसडीवर घ्या किंवा डेस्कटॉपच्या आतल्या चांगल्या डिस्कवर, छोट्या फाइलींचा टार किंवा झिप करून एक गठ्ठा बनवा, मग टेपवर सोडा. चांगला चाललेला ड्राइव्ह एका सुरात गुणगुणतो. सूर तुटला की जाऊन बघायचं.

साफसफाई किती वेळा?

ड्राइव्ह स्वतः मागतो. दिवा लागतो, आयबीएमच्या ड्राइव्हला छोट्या डिस्प्लेवर इंग्रजी ‘सी’ येतो, तेव्हा क्लिनिंग टेप घालायची. दर रविवारी घालायची नाही, ती पण हेड थोडं घासतीच. कापूस आणि स्पिरिट तर अजिबात नको.

त्यापेक्षा धूळ आत जाणार नाही ते बघा. मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीत ड्राइव्ह लावला होता, मालकाचा हट्ट. सहा महिन्यांनी दिवा विझेना म्हणून उघडला तर पंख्याची जाळी अशी पिवळी जर्द की खंडेरायाला चढवावी. आता तो ड्राइव्ह विश्रामबागला त्यांच्या घरी आहे, व्यवस्थित चाललाय. दुकानात पण काउंटरवर जिथं सकाळी उदबत्ती लावता त्याच्या शेजारी ठेवू नका.

टेपा ठेवायच्या कुठं?

उभ्या, डबीत, अंधाऱ्या कोरड्या जागी. जास्त वर्षं ठेवायच्या तर १६ ते २५ डिग्री आणि ५० टक्क्यांच्या आत दमटपणा असं कंपन्या सांगतात, आणि तसं ठेवलं तर तीस वर्षं धरतात. आता आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये पापड पण कोरडा राहत नाही. ज्यांच्याकडं लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी होत्या त्यांना पांढरी बुरशी काय असती ते माहीत आहे. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या, पुड्यांचा रंग बदलला की बदलायच्या.

पण सगळ्यात मोठी गोष्ट ही की दोन कॉपी एका गावात ठेवायच्या नाहीत. आपल्या जिल्ह्याचं एक बरं आहे, पश्चिमेला पूर आणि पूर्वेला टँकर. माझी दुसरी कॉपी पूर्वेकडच्या जतला मेहुण्याकडं असती. तिथं पूर यायचा तर आधी पाऊस यायला पाहिजे, असं तोच म्हणतो. २०२१ च्या जुलैत दुकानात परत पाणी आलं तेव्हा टेपा तिकडं कोरड्या ठणठणीत होत्या. फक्त तिकडं उन्हाळा कडक, त्यामुळं पत्र्याच्या खोलीत नाही, मधल्या खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात. इथं वरचा कप्पा आणि तिथं खालचा, बायको हसती.

आणि नेताना मोटारसायकलच्या डिकीत उन्हात ठेवून जेवायला थांबू नका. घरी पोचल्यावर पण लगेच ड्राइव्हमध्ये घालायची नाही, एक रात्र खोलीत ठेवायची.

लिहिताना लाइट गेली तर?

यूपीएस लावाच, ड्राइव्ह आणि कॉम्प्युटर दोन्हीला. एलटीएफएसमध्ये फाइलींची यादी टेपवर अधूनमधून आणि शेवटी टेप काढताना लिहिली जाती. मधेच लाइट गेली तर डेटा टेपवर असतो पण यादी अर्धवट. बहुतेक वेळा दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवून परत मिळतंय, पण घाम फुटतो.

बॅकअप नीट झालाय हे कसं कळणार?

परत वाचून. दुसरा मार्ग नाही. ‘सक्सेसफुल’ असा हिरवा मेसेज आला म्हणजे झालं असं धरून तीन वर्षं टेपा भरणारा माणूस मी बघितलाय, त्याच्या सेटिंगमध्ये फोल्डरच चुकीचा होता, तीन वर्षं रिकामा डेस्कटॉप टेपवर जात होता.

लिहायच्या आधी सगळ्या फाइलींचे हॅश (फाइलीवरनं काढलेला ओळखीचा आकडा) काढून ठेवा, लिहून झाल्यावर टेपवरनं परत वाचून जुळवा. वेळ दुप्पट लागतो, रात्री लावून झोपा. वर्षातनं एकदा, मी दिवाळीच्या साफसफाईत करतो, जुनी एखादी टेप काढून त्यातलं एक लग्न पूर्ण उतरवून बघायचं. जमलं तर दुसऱ्या कुणाच्या तरी ड्राइव्हवर, कारण आपला ड्राइव्ह हळूहळू बिघडत चालला असेल तर त्यानं लिहिलेलं त्यालाच वाचता येतंय आणि दुसऱ्याला येत नाही, असं पण होतंय.

पूर आला आणि टेप भिजली, तर गेली का?

गेलीच असं नाही. ओल्या हार्ड डिस्कपेक्षा ओल्या टेपला आशा जास्त. पण भिजलेली टेप ‘बघू चालती का’ म्हणून ड्राइव्हमध्ये घालायची नाही, टेप पण जाती आणि ड्राइव्ह पण. उन्हात टाकायची नाही, हेअर ड्रायर तर नाहीच. चिखलाचं पाणी असेल तर वाळू पण देऊ नका, चिखल वाळला की टेपचे थर एकमेकांना चिकटतात. तशीच ओली, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, लवकरात लवकर डेटा रिकव्हरीवाल्याकडं.

एकदा चालताना बघायला मिळंल का?

मिळंल की. संध्याकाळी सातनंतर या, तेव्हा दुकानात गर्दी नसती. येताना तुमचा शंभर जीबीचा एखादा फोल्डर एसएसडीवर घेऊन या. टेपवर टाकायला बारा मिनिटं, परत वाचायला बारा, तोवर समोरनं चहा आणि भडंग मागवू, पैसे तुमचे.